घुम्या, बह्याड, आळशी: छिन्नमनस्कतेच्या उंबरठ्यावरची माणसं

पंधरा लिटरचा पंप पाण्यानं भरलेला, बाजूला औषधाची बाटली आणि पऱ्हाटीच्या तासात उभा असलेला तिशीतला माणूस. एक झाकण औषध टाकून तो थांबतो. दुसरं टाकलं की टाकायचं राहिलं, हे त्याला सांगता येत नाही. नजर धुऱ्यावरच्या कावळ्यावर, कारण तो कावळा आपल्यालाच काही सुचवतोय असं त्याला सकाळपासून वाटतंय. भाऊ चिडून पंप ओढून घेतो आणि शेजाऱ्याला म्हणतो, “याच्या डोक्शात काई रायतच नाई.”

हा कुणी एक माणूस नाही. समुद्रपूर, देवळी, आर्वी, कारंजा, वर्धा जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यात ओळखू येईल असं हे जुळवलेलं चित्र आहे. गाव अशा माणसाला तीन नावं देतं. कुणाशी बोलत नाही म्हणून घुम्या. बोलला तर भलतंच बोलतो म्हणून बह्याड. हातातलं काम अर्धवट टाकतो म्हणून आळशी. पहिल्या दोन नावांत निदान काही निरीक्षण तरी आहे. तिसरं सपशेल चुकीचं आहे आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करतं. गेल्या काही दशकांतलं संशोधन नीट पाहिलं तर या माणसाचं आयुष्य विस्कटतं ते प्रामुख्यानं त्याच्या विचित्र समजुतींमुळे नव्हे, लक्ष आणि आठवण यांतल्या गळतीमुळे. आणि ही गळती आपल्याकडे कुणी तपासतच नाही.

वैद्यकात या अवस्थेला ‘स्किझोटायपल’ म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा शब्द आता वर्तमानपत्रांमुळे आणि २००४ मध्ये आलेल्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’मुळे घराघरांत पोचला आहे. पण त्या आजाराच्या उंबरठ्यावर जन्मभर उभी राहणारी, आत न जाणारी आणि बाहेरही न पडणारी माणसं असतात, हे फारसं कुणाला माहीत नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात छिन्नमनस्कतेची संकल्पना विस्तारानं मांडली, तेव्हाच आजाराची सौम्य, दबलेली रूपं असतात हेही नोंदवलं होतं. रुग्णांच्या नात्यागोत्यांत अशी माणसं डॉक्टरांना वारंवार भेटत. सँडोर रॅडो यांनी १९५० च्या दशकात ‘स्किझोटाइप’ हा शब्द वापरला. पॉल मील यांनी १९६२ मध्ये त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं: मज्जासंस्थेतला एक वारशानं आलेला कच्चेपणा, त्यातून घडणारं विशिष्ट व्यक्तिमत्त्व, आणि त्यांतल्या काही थोड्यांच्याच वाट्याला येणारा उघड आजार.

या विचाराला पुराव्याचं बळ डेन्मार्कमधून मिळालं. तिथल्या सरकारी नोंदींच्या आधारे सिमोर केटी, डेव्हिड रोझेन्थाल आणि पॉल वेंडर यांनी दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. छिन्नमनस्क झालेल्या दत्तक मुलांच्या रक्ताच्या नातेवाइकांत ही सौम्य रूपं जास्त आढळली. ज्यांनी त्यांना वाढवलं त्या घरांत नाही. आईच्या वागण्यामुळे पोर असं झालं, हा आपल्याकडे आजही सर्रास केला जाणारा आरोप या अभ्यासांनी मोडून काढला. वर्ध्यातल्या कितीतरी आयांना हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं.

१९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार स्वतंत्रपणे दाखल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र तो व्यक्तिमत्त्व विकारांत नाही, छिन्नमनस्कतेच्याच प्रकरणात आहे. हा वाद नुसता कपाट कुठलं वापरायचं याचा नाही. ‘स्वभावच तसा’ म्हटलं की घरचे हात झटकतात, ‘आजार’ म्हटलं की दवाखान्याची वाट धरतात. मला दुसरी मांडणी माणसाच्या अधिक कामाची वाटते.

निदानाच्या कसोट्या नऊ, त्यांपैकी किमान पाच लागतात. साध्या घटनांत स्वतःसाठी संदेश दिसणं, चमत्कारिक श्रद्धा, विचित्र संवेदना, आडवळणाचं बोलणं, संशय, भावनांचा कोरडेपणा, वेगळं वागणं किंवा दिसणं, जवळचा मित्र नसणं आणि ओळख वाढली तरी न ओसरणारी माणसांची धास्ती. यांतल्या श्रद्धेच्या कसोटीला एक महत्त्वाची अट आहे: ती श्रद्धा त्या माणसाच्या समाजात रूढ असता कामा नये. ज्या जिल्ह्यात अंगात येणं, करणी, नजर लागणं हे बोलीभाषेचेच शब्द आहेत, तिथे या अटीचं काय करायचं? श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपुरातून १९८२ पासून काम करते आहे, २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तरीही आजार झाला की आधी देवऋषी हा क्रम पुष्कळ घरांत टिकून आहे. पण श्रद्धा चूक की बरोबर हा इथला प्रश्न नाही. नवरात्रात बाईच्या अंगात येतं तेव्हा आरती धरायला चार जणी पुढे येतात, तिला कुंकू लावतात. तो अनुभव तिला माणसांत ओढतो. कावळ्याचा निरोप फक्त एकट्यालाच कळतो. आईलाही तो पटत नाही, आणि त्या निरोपापायी माणूस दिवसेंदिवस बाजूला पडत जातो. समजूत सामायिक आहे की एकट्याची, ती जोडते की तोडते, हे विचारलं तर गोंधळ बराच कमी होतो.

आता लक्ष आणि आठवण.

न्यूयॉर्कमधल्या माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेत लॅरी सीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसांच्या आकलनावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांतली एक चाचणी फारच साधी होती. कागदावर एक ठिपका दाखवायचा, झाकायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि कोऱ्या कागदावर तो कुठे होता ते खूण करून दाखवायला सांगायचं. ठिपका लगेच दाखवायचा असेल तर फारशी अडचण येत नाही. मध्ये काही सेकंद गेले की स्किझोटायपल माणसाची खूण भरकटते. मानसशास्त्रात याला कार्यरत स्मृती म्हणतात: काम चालू असताना मनाच्या तळहातावर धरून ठेवलेल्या चार गोष्टी. दुसरं झाकण टाकलं की नाही हा प्रश्न तंतोतंत याच स्मृतीचा आहे. शाळेतलं पाठांतर चांगलं असलेला, जुनी गाणी तोंडपाठ असलेला माणूसही इथे अडखळू शकतो. म्हणूनच घरच्यांना ते सोंग वाटतं: “गाणी आठवतात, मग सांगितलेलं काम कसं विसरतो?”

दुसरी गळती संदर्भाची. पडद्यावर अक्षरं येत राहतात आणि एका ठरावीक अक्षरानंतर दुसरं ठरावीक अक्षर आलं तरच बटण दाबायचं असतं. आधीचं अक्षर मनात टिकलं नाही तर माणूस चुकीच्या वेळी दाबतो. शेतीत, बाजारात, कचेरीत असे प्रसंग पावलोपावली असतात: अमुक झालं असेल तरच तमुक करायचं. पाऊस येऊन गेला असेल तर डवरणी थांबवायची. पीकविम्याचा अर्ज भरायचा तर आधी सातबारा, मग बँकेचं पुस्तक, मग मोबाइलवर आलेला अंक. पूर्वी सालदारकी करणाऱ्या माणसाला ठरलेली कामं ठरलेल्या क्रमानं येत, आणि अशी माणसं त्यात खपून जात. आजच्या शेतीनं कार्यरत स्मृतीवरचं ओझं कितीतरी वाढवलं आहे. यावर इकडे कुणी मोजमाप केल्याचं माझ्या वाचनात नाही, हे माझं स्वतःचं अनुमान आहे, पण ते मला पक्कं वाटतं.

तिसरी गोष्ट गाळणीची. आपल्या कानावर, डोळ्यांवर आदळणाऱ्या बहुतेक गोष्टी मेंदू बिनमहत्त्वाच्या ठरवून बाजूला सारतो. एकापाठोपाठ दोन आवाज केले तर दुसऱ्याला मेंदू कमी दाद देतो. छिन्नमनस्कतेत ही दाद कमी होत नाही, आणि स्किझोटायपल माणसांतही हा दोष आढळला आहे. शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते: मेंदूतलं डोपामाइन एखाद्या गोष्टीवर ‘हे महत्त्वाचं’ असा शिक्का मारतं, आणि तो शिक्का भलत्याच गोष्टींवर पडू लागला की साधा कावळा निरोप्या होतो. कावळा आणि झाकण या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण गाळणी फाटली की एकीतून दुसरी येतेच.

चौथी अडचण माणसं वाचण्याची. पारावर बसलेल्या मंडळींत कुणीतरी टोमणा मारतो, बाकीचे हसतात, आणि याला तो टोमणा होता हेच कळत नाही. किंवा टोमणा नसतानाही तो टोमणाच होता असं वाटतं. समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्याचं हे कौशल्य गावात पैशापेक्षा मोठं असतं. ते नसलं की माणूस आपणहून पारावर जाणं सोडतो, आणि मग गाव म्हणतं घुम्या.

या सगळ्या अडचणींची मात्रा किती? निरोगी माणूस आणि छिन्नमनस्क रुग्ण यांच्या साधारण मधोमध. सीव्हर आणि केनेथ डेव्हिस यांनी २००४ मध्ये मेंदूच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात आशेला जागा होती. कानशिलामागच्या भागात छिन्नमनस्कतेसारखेच बदल दिसत होते, पण कपाळामागचा, म्हणजे नियोजन करणारा भाग तुलनेनं शाबूत होता. जणू हीच शिल्लक माणसाला उंबरठ्यावर थोपवून धरते. या शिलकीला हात देणं हे उपचाराचं खरं काम आहे.

संशयग्रस्त आणि एकांतप्रिय म्हणजे स्किझॉइड व्यक्तिमत्त्व विकार हे याच गोतावळ्यातले मानले जातात, पण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. संशयाचा संबंध आठवणीपेक्षा निष्कर्षाच्या घाईशी अधिक जोडला जातो. स्किझॉइड माणसाच्या आकलनाचा अभ्यास इतका तुटपुंजा आहे की त्यावरून काही ठासून सांगणं योग्य होणार नाही.

खरी पंचाईत मोजमापात आहे, आणि ती आपल्या भाषेशी बांधलेली आहे. बाह्यरुग्ण विभागात लक्ष तपासायची सर्वांत सोपी रीत म्हणजे शंभरातून सात-सात वजा करायला सांगणं. मराठीत याची उत्तरं पाहा: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. इथे एककाचा आवाज आधी येतो, दशकाचा नंतर, आणि ‘एकोणऐंशी’ हा शब्द तर स्वतःच एक वजाबाकी आहे. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला यात लक्षाआधी आकड्यांची नावंच गाठतात. त्यापेक्षा आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावेत, किंवा जुन्या पिढीतल्या माणसाला फाल्गुनापासून चैत्रापर्यंत महिने. एका मिनिटात जमतील तितके प्राणी सांगा, ही चाचणी निरक्षर माणसालाही देता येते. अक्षरावरून शब्द सांगायला लावलं तर आपल्या बाराखडीचा प्रश्न उभा राहतो: ‘क’ दिला तर ‘कोंबडा’ चालेल की नाही? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २००४ मध्ये चाचण्यांचा जो संच प्रसिद्ध केला, त्यात शिक्षण, वय आणि लिंग पाहून वेगवेगळी प्रमाणं दिली आहेत, निरक्षरांसाठीही. इतकी काळजी घेतली नाही तर शाळा न मिळाल्याची शिक्षा माणसाला रोगनिदानाच्या रूपानं भोगावी लागते.

म्हणींचंही तसंच. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणजे काय, असं विचारून अमूर्त विचार तपासायची पद्धत आहे. रुग्णाला नदीच आठवली तर ते बोलकं असतं, मान्य. पण म्हण पाठ्यपुस्तकातली निवडण्याऐवजी त्याच्या गावात रोज बोलली जाणारी घ्यावी, एवढं तर सहज करता येण्याजोगं आहे.

वर्धा जिल्ह्याकडे हे करण्याची साधनं इतर कित्येक जिल्ह्यांपेक्षा जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, आणि एवढ्या जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारली. सावंगी मेघे इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे. दाखल करण्याची वेळ आली तर नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय फार दूर नाही. सेवाग्रामला एक वेगळा वारसाही आहे: तिथले विद्यार्थी खेड्यांत राहून कुटुंबांशी नातं जोडतात, आणि कस्तुरबा रुग्णालयानं एकेकाळी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन गावांचा आरोग्यविमा चालवला. ज्यांनी ज्वारीत विमा मोजला, त्यांना वारांत लक्ष मोजणं अवघड नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते, वर्ध्याच्या मानसिक आरोग्याकडे आपण एकाच चष्म्यातून पाहिलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे शेतकरी आत्महत्यांचे सहा जिल्हे म्हणून देशाला माहीत झाले. योजना आल्या त्या आत्महत्या आणि नैराश्यासाठी, आणि त्या यायलाच हव्या होत्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या बळावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेलं. आशाताई घरोघरी जो अर्ज भरतात त्यातही उदासीबद्दलचे दोन प्रश्न आहेत. पण घुम्या माणूस उदास असेलच असं नाही. तो दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ म्हणतो आणि अर्ज पुढच्या घरी जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात स्किझोटायपल विकाराचं प्रमाण ३.९ टक्के निघालं होतं. तो आकडा उचलून वर्ध्यावर ठेवणं मला मान्य नाही, कारण करणी आणि नजर यांचे प्रश्न तिथल्या लोकांना विचारले तेव्हाचा अर्थ वेगळा आणि इथला वेगळा.

सरकारी दाखल्याचंही असंच आहे. मानसिक अपंगत्व मोजण्याची ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी तयार झाली ती छिन्नमनस्कता, द्विध्रुवी विकार, मंत्रचळ आणि स्मृतिभ्रंश या चार आजारांसाठी. ती स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि काम या चार बाजू पाहते. काम जमत नाही हे तिच्यात दिसतं, ते का जमत नाही हे दिसत नाही.

उपचारांत काय हाती आहे? छिन्नमनस्कतेची औषधं कमी मात्रेत दिली तर संशय आणि विचित्र अनुभव काहींमध्ये सौम्य होतात, असं रिस्पेरिडोनच्या छोट्या अभ्यासात दिसलं. आठवणीवर त्यांचा फारसा प्रभाव नाही. माउंट सिनाईच्याच मार्गारेट मॅक्लुअर यांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं ग्वान्फासिन देऊन पाहिलं, आणि संदर्भ धरून ठेवण्याच्या त्या अक्षरांच्या चाचणीत सुधारणा आढळली. अभ्यास लहान आहेत; त्यावरून कुणी दुकानातून गोळी आणू नये. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे आपल्या दवाखान्यांतल्या चिठ्ठ्या. हातपाय आखडू नयेत म्हणून मुख्य औषधाच्या जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. ती गोळी गरजेपुरती ठीक, पण वर्षानुवर्षं न तपासता चालू राहिली तर तीच स्मरणशक्ती मंद करते. आधीच ज्याचा तळहात गळका, त्याच्या हातून आपण आणखी ओतून टाकतो. स्वतःच्या मनानं बंद करू नये, पण “ही अजून लागते का?” असं डॉक्टरांना विचारण्याचा प्रत्येक कुटुंबाला हक्क आहे.

औषधापलीकडचं काम अधिक भरवशाचं. आकलनाचं प्रशिक्षण म्हणून जे ओळखलं जातं, त्याचा गाभा सोपा आहे: काम लहान पायऱ्यांत तोडायचं, चूक होण्याआधीच हात धरायचा, तीच पायरी पुन्हापुन्हा करून घ्यायची आणि जे डोक्यात राहत नाही ते बाहेर ठेवायचं. पंपावर खडूनं रेघ मारायची, एका झाकणाला एक रेघ. कामं सांगताना एका वेळी एकच. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमनं हातातल्या कामातून शिकण्याची भाषा केली, आणि सेवाग्रामात ती परंपरा अजून जिवंत आहे. मनोविकारासाठी ती घडली नव्हती, पण पायरी-पायरीनं काम शिकवणारी माणसं शोधायची तर ती इथेच भेटतील. साधारण शिक्षणाचे स्थानिक कार्यकर्ते हे काम करू शकतात याचा पुरावा सातारा, गोवा आणि तामिळनाडूत झालेल्या ‘कोप्सी’ चाचणीनं २०१४ मध्ये दिला. २८२ छिन्नमनस्क रुग्णांत घरी जाऊन दिलेल्या आधारानं लक्षणं आणि अपंगत्व कमी झालं, फार नाही, पण निश्चित. स्किझोटायपल माणसांसाठी असा प्रयोग आपल्याकडे अजून व्हायचा आहे.

आणि ‘लग्न करून द्या, सुधरेल’ हा गावचा सल्ला? टोमणा न कळणाऱ्या, जवळिकीनं धास्तावणाऱ्या माणसाच्या संसारात एक अनोळखी मुलगी आणून बसवायची, आणि तो सुधारला नाही की दोष तिला द्यायचा. हा उपचार नाही, एका दुःखाची दोन दुःखं करणं आहे.

डेन्मार्कमधल्या नोंदींत स्किझोटायपल निदान झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसांना वीस वर्षांत छिन्नमनस्कता झाली. निदान रुग्णालयातून झालेल्यांचा हा आकडा आहे, म्हणजे बऱ्याच त्रासात असलेल्यांचा. तरीही दोन तृतीयांश माणसं पलीकडे गेली नाहीत. त्यांचा शोध घ्यायचा तर फार लांब जायला नको. मनोविकार विभागाच्या बाकावर छिन्नमनस्क बहिणीला दर महिन्याला घेऊन येणारा तिचा भाऊ बसलेला असतो. केसपेपर तिच्या नावाचा. तो कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे पाहत राहतो. डॉक्टर त्याला सांगतात: औषधाच्या खिडकीवर जा, दोन पट्ट्या घ्या, पुढची तारीख लिहून आणा. तो जातो, खिडकीसमोर रांगेत उभा राहतो, आणि नंबर आल्यावर मागे वळून बहिणीलाच विचारतो, काय काय आणायचं होतं.